चाकामागची चकती आणि मेश्राममावशी

मेश्राममावशींच्या शेडमध्ये गाडी शिरली की त्या आधी गाडीवाल्याकडे पाहत नसत. चारही चाकांपाशी एकेक करून जात, वाकत, आणि चाकाच्या मधोमध, जिथे नट असतात तिथे, उजव्या हाताचा तळवा टेकवत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. चौथ्या चाकापाशी कंबर सरळ करून म्हणत, "मागचं डावं गरम हाये. ब्रेक चिकटून राहिला. बाकीचे बरे हायेत. आता सांगा, काहून आले?" माणूस आलेला असायचा भलत्याच कामासाठी. पण ब्रेकचं निदान मी तरी कधी चुकलेलं पाहिलं नाही.

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारीच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. दारावर हिंदीत नुसतं 'चक्का का काम' लिहिलेलं. आत एक जुनं लेथ मशीन, दोन जॅक, आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेले पाने. साठी ओलांडलेली ही ठेंगणी बाई साडीवर पुरुषी फुलशर्ट घालून, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधून एकटीच तिथे काम करायची. छत्तीसगढी ड्रायव्हर त्यांना दीदी म्हणत. आमच्यासारखे मराठी लोक मावशी म्हणत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो हौसेपायी. शंकर नगरातल्या विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, ब्राह्मणपाऱ्यात घर, आणि नुकतीच घेतलेली जुनी गाडी. तिला मी एका मित्राची रुंद अलॉय चाकं चढवली होती. दिसायला झकास, पण पुढची चाकं आतल्या बाजूला शॉकअपला घासायची आणि वळताना खर्र असा आवाज यायचा. इंटरनेटवर उपाय सापडला, स्पेसर. म्हणजे ज्या हबवर चाक बसतं तो हब आणि चाक यांच्या मध्ये घालायची धातूची चकती. तिने चाक तेवढं बाहेर सरकतं. मी चार चकत्या मागवल्या, चांगल्या बारा मिलिमीटर जाडीच्या. खरं सांगायचं तर घासणं हे निमित्त होतं. चाकं बाहेर आली की गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते, ते मला हवं होतं.

मावशींनी चकती हातात घेतली, उलटसुलट केली आणि पाना काढायच्या आधी मिलिमीटरचाही भाग मोजणारा व्हर्नियर काढला. गाडीचं पुढचं चाक उतरवून हबच्या मधल्या उंचवट्याचं माप घेतलं, मग चकतीच्या मधल्या भोकाचं. चकती त्या उंचवट्यावर ठेवून बोटाने हलवली. ती खुळखुळ्यासारखी हलली.

"हे पाय बापू. चाकाचं वजन या मधल्या गोलावर बसाले पायजे. हे भोक मोठं हाये, कोनत्याबी गाडीले चालावं म्हनून केलेलं. म्हंजे तुह्या गाडीले नाही. चाक बसून नाही राहनार, नटाच्या भरोशावर टांगून राहीन."

"पण नट तर घट्ट बसतात ना, मावशी?"

त्यांनी माझ्या हातात एक नट दिला. "चाक लावून हा फिरव. मोज." चकती न घालता चाक लावून मी स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर येणाऱ्या बोल्टवर, नट फिरवला, दहा वेढे बसला. मग त्यांनी मध्ये माझी चकती घातली. "आता मोज." तिसऱ्या वेढ्याला नट चाकाला टेकला.

"नट नको मोजू, चुड्या मोज," त्या म्हणाल्या. चुडी म्हणजे नटबोल्टचा आटा. "स्टड जितका जाड, तितका तरी नट आत गेला पायजे. तीन चुड्यांवर मी चाक नाही बसवनार. बारा मिलिमीटर कोनं सांगितलं तुले?"

"व्हिडिओत होतं."

"त्या व्हिडिओवाल्यानं तुही गाडी पायली?"

मी रागावलो. तिशीतला शिकलेला माणूस, आणि पत्र्याच्या शेडमधली बाई मला नट मोजायला लावते! चकत्या उचलून मी निघालो आणि दुसऱ्या एका दुकानात दहा मिनिटांत चारही बसवून घेतल्या. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग जरा थरथरायचं. चार दिवसांत मला त्याची सवय झाली.

पुढच्याच रविवारी आईला रतनपूरला देवीच्या दर्शनाला न्यायचं होतं. माझी बहीण संगीता गुढियारीत राहते, तिलाही बरोबर घ्यायचं होतं. सकाळी दहाच्या सुमारास दोघींना मागे बसवून मी निघालो तो मावशींच्या शेडवरूनच. त्या समोरच्या टपरीवर चहा घेत उभ्या होत्या. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. गाडी हळूच चालली होती, रस्त्यात एक गाय आडवी होती म्हणून. तेवढ्यात मावशींनी चहाचा कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि सरळ माझ्या गाडीसमोर येऊन दोन्ही हात बॉनेटवर टेकवले.

"उतर."

"मावशी, घाई आहे. आईला घेऊन..."

"म्हनूनच म्हनतो ना, उतर."

मी धुसफुसत उतरलो. त्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसल्या. पाना आणला नाही, काही नाही. चिमटीत एक नट धरला आणि फिरवला. तो फिरला. दुसरा धरला. तोही फिरला, बाटलीचं झाकण फिरावं तसा. चारांपैकी दोन नट बोटांनी सुटत होते. मागे माझी आई काचेतून विचारत होती, "काय झालं रे?" थोड्याच वेळात बिलासपूरचा मोठा रस्ता लागला असता, आणि तिथे मी शंभरच्या खाली गाडी चालवत नाही हे मला माहीत होतं. संगीतालाही माहीत होतं. ती खाली उतरून नुसती त्या नटांकडे पाहत राहिली.

"टकटक करून राहिलं होतं," मावशी म्हणाल्या. मी, आई, संगीता, आम्ही तिघं गाडीत बसलो होतो. आमच्यापैकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. रस्त्यावर ट्रक, ऑटो, हॉर्न, टपरीवरचा रेडिओ, आणि त्या सगळ्यातून या बाईने एका चाकाची टकटक वेगळी काढली होती!

मला वाटलं, आता बोलणी बसतील. मी त्यासाठी मान खाली घालून तयारही होतो. पण मावशी आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "या आई, बसा सावलीत. चहा सांगतो. माहेर कोनतं तुमचं?" आई म्हणाली, भंडारा. "अवं माय, मी तुमसरची!" आणि दोघी अशा बोलायला लागल्या की जणू आईला आणायलाच मी गाडी तिथवर नेली होती. त्या दिवशीच्या माझ्या मूर्खपणाबद्दल मेश्राममावशी त्या क्षणी बोलल्या नाहीत आणि पुढेही कधी बोलल्या नाहीत.

मग त्यांनी काम सुरू केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काम करताना खरंखुरं पाहिलं. आधी चारही चकत्या काढल्या. मागच्या दोन बाजूला ठेवत म्हणाल्या, "मागं घासतच नाही, तर मागं कायले?" मग शेजारच्या घरातून कणकेचा एक गोळा मागून आणला. मी चकित! त्यांनी तो शॉकअपवर थापला, चाक चढवून हलकेच फिरवलं आणि परत उतरवलं. कणकेवर चाकाने किती दाबलंय ते व्हर्नियरने मोजलं. "दोन मिलिमीटर घासते. गाडी हलते, लोड येते, त्याचे तीन धर. पाच पुरे." मला बारा हवे होते, गाडीला पाच हवे होते.

अ‍ॅल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून त्यांनी लेथवर दोन चकत्या कातल्या. मधलं भोक असं की चकती हबवर ठेवली तेव्हा पडली नाही, हळूच सरकत जाऊन बसली. चकतीतून हबचा उंचवटा थोडा बाहेर उरला होता. त्यावर चाक टेकलं पाहिजे, असं त्यांनी मला बोट लावून दाखवलं. हबमधले जुने स्टड ठोकून काढले, त्यांच्याकडचे लांब स्टड दाबून बसवले. मग तारेच्या ब्रशने हबची सपाट बाजू घासायला घेतली. कितीतरी वेळ घासत होत्या. मी म्हणालो, थोडा गंज राहिला तर काय होतं? "आज नट घट्ट, उद्या गंज झडते. जागा खाली झाली की नट ढिल्ला. कचरा मधात बसला की चाक वाकडं." त्यांनी कपड्याने हब पुसला, नखाने तपासला, परत पुसला. त्यावर ग्रीस लावू का, असं विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठून आईजवळ जाऊन बसलो.

शेवटी त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला लांब पाना काढला. ठरवलेला जोर लागला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो; त्याला टॉर्क रेंच म्हणतात. एक नट, मग त्याच्या समोरचा, मग बाकीचे दोन, तसेच आमनेसामने. प्रत्येक टक् झाल्यावर त्या क्षणभर थांबायच्या. मग आई, संगीता, चहावाला आणि रस्त्यावरून जाणारे दोन अनोळखी गृहस्थ अशा सगळ्यांना गाडीत कोंबून बसवलं, मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः जमिनीवर आडव्या होऊन चाकाच्या आत टॉर्च मारत राहिल्या. मागच्या सीटवर आई हसून हसून रडायची बाकी होती. रतनपूर राहिलं. आई म्हणाली, "राहू दे, दर्शन झालं."

निघताना मावशी म्हणाल्या, "शंभर किलोमीटर झाले की येजो. नट परत आवळा लागते. नाही आला तर मी येईन."

मी विसरलो. बारा दिवसांनी ऑफिसात गार्ड सांगत आला, "सर, नीचे कोई आंटी आई हैं, आपकी गाड़ी के पास बैठी हैं." खाली पार्किंगमध्ये मेश्राममावशी माझ्या गाडीपाशी उकिडव्या बसल्या होत्या, लुगड्यातला पाना काढून. आईकडून ऑफिसचा पत्ता विचारून ठेवला होता आणि गुढियारीहून शंकर नगरला दोन ऑटो बदलून आल्या होत्या. आमचे मॅनेजर काचेतून पाहत होते. आठ नट आवळून झाल्यावर त्या उठल्या, मला एवढंच म्हणाल्या, "एक थोडा फिरला. बाकी जागेवर हायेत," आणि ऑटो पकडायला निघाल्या. मी सोडतो म्हटलं, तर म्हणाल्या, "तुही ड्युटी हाये ना? माही झाली."

त्यानंतर रविवारी सकाळी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायची मला सवय लागली. त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. तो आजारपणात गेला तेव्हा मावशी सव्वीस वर्षांच्या. त्याच्या जागी त्यांना खलाशी म्हणून, म्हणजे हाताखालच्या कामाला, घेतलं. पाणी भरायचं, झाडायचं. दुपारच्या सुट्टीत लोक डबा खायचे तेव्हा त्या मालगाडीच्या वाघिणींच्या चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकत फिरायच्या. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं आणि तडा गेलेलं बद्द वाजतं, हे त्यांना एका म्हाताऱ्या फिटरने सांगितलं होतं. एकदा एका चाकापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, हे बरं नाही. काहीजण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चाक तपासणीला पाठवलं. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर निघाली. दुसऱ्या दिवसापासून मावशींच्या हातातला झाडू गेला आणि तीस वर्षं चाकं आली.

"भीती नव्हती वाटत, मावशी? चूक निघाली असती तर?"

"वाटत होती ना. पन वाघिणीखाली कोन झोपून पायनार? आपल्यालेच सांगा लागते."

चाकाबद्दल त्यांची अशी बरीच वाक्यं होती. कुणी दोन पातळ चकत्या एकावर एक घालून द्या म्हणालं तर, "दोन झूट मिळून एक सच नाही होत, भैया." चाक मडगार्डच्या बाहेर काढून द्या म्हणालं तर, "चिखल दुसऱ्यायच्या अंगावर उडवाचा हाये का?" आणि निम्म्याहून जास्त लोकांना त्या एकच सांगायच्या, तुमच्या गाडीला स्पेसर लागतच नाही, घरी जा. तरी त्यांच्याकडे राजनांदगावहून, महासमुंदहून गाड्या यायच्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक तरुण जोडपं आलं होतं, नवीनच लग्न झालेलं. मावशींनी आदल्या आठवड्यात त्यांच्या चारही चाकांना चकत्या बसवल्या होत्या. आता ते नट परत आवळून घ्यायला आले होते आणि तिथूनच जगदलपूरला निघणार होते. वाटेत कुरूदला मुलीचं माहेर होतं, तिथे जेवण. मावशींनी चारही चाकांचे नट आवळले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी गेली. मी नेहमीसारखा स्टुलावर पेपर वाचत बसलो होतो.

तासाभराने त्या नळावर हात धूत होत्या. धुता धुता थांबल्या. नळ तसाच चालू.

"बापू, मागच्या उजव्याचा शेवटचा नट. टक् झाला होता का?"

"झाला असेल की, मावशी."

"असेल म्हनून नको सांगू. ऐकला का तू?"

मी ऐकला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. पहिलं चाक, दुसरं, तिसरं. ओठांनी नट मोजताना मला दिसत होत्या. चौथ्या चाकाच्या शेवटच्या नटाशी येऊन त्या थांबल्या, परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथेच थांबल्या. फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. कुरूदच्या पुढे कांकेर, आणि कांकेरच्या पुढे केशकालचा घाट.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या.

कुरूदपर्यंत साठ किलोमीटर. इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. रस्त्याच्या कडेला कुठे गर्दी दिसली की त्या सीटवरून पुढे व्हायच्या. अभनपूरच्या पुढे एक पांढरी गाडी कडेला तिरपी उभी होती आणि तिच्याभोवती माणसं जमली होती. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता. ती गाडी दुसरीच होती, पंक्चर काढत होते.

कुरूदला बाजाराजवळ विचारत विचारत घर सापडलं. गाडी दारात उभी होती. आम्हाला पाहून तो मुलगा हात पुसत बाहेर आला. "अरे आंटी, आप यहाँ? फ़ोन तो अंदर चार्जिंग पे था." मावशी थांबल्या नाहीत. सरळ मागच्या उजव्या चाकापाशी गुडघे टेकले, पाना लावला, दाबला.

टक्.

नट तसूभरही हलला नाही. तो आधीपासूनच पुरता आवळलेला होता. मग त्यांनी उरलेलेही सगळे पाहिले. सगळे टक्. मुलगी हसत म्हणाली, "बस इतनी-सी बात के लिए इतनी दूर आ गईं, आंटी?"

"हव, बेटी," मावशी म्हणाल्या.

घरच्यांनी आम्हाला आग्रहाने बसवलं, गरम चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी वाढली. मला हायसं वाटलं होतं; मी तीन चीले खाल्ले. परतताना तर मी फारच बोलत होतो. "पाहिलं ना मावशी? तुमचा हात चुकतच नाही. उगाच घाबरलात."

त्यांनी मांडीवरचा पाना लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला. मग म्हणाल्या, "हात नाही चुकला, बापू. पन मले आठवलं नाही. थे कुरूदले जेवाले थांबले म्हनून भेटले. उद्या कोनी सिध्दा घाटात जाईन, अन् मले तासाभरानं शंका येईन. मंग?"

दुसऱ्या दिवशी शेड उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर दारावरची 'चक्का का काम' ही अक्षरं चुन्याने पुसलेली. मी खूप वाद घातला. म्हटलं, आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची खूण करत जा. म्हटलं, मी रविवारी बसतोच, मी मोजत जाईन. त्या लेथला तेल देत ऐकून घेत होत्या. "खूण आधी केली का आवळलं आधी, थे कोन सांगीन? अन् तू मोजशीन, तर काम तुहं झालं. माहं नाही." एका शब्दाने तक्रार नाही, कुणावर राग नाही. एक नट, तोही घट्ट असलेला, आणि त्याच्यासाठी या बाईने आपली सगळी विद्या खुंटीवर टांगली. मी तिथे उभा होतो आणि मला माझ्याच जगण्यातले कितीतरी 'झालं असेल की' आठवत होते.

तुमसरला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. स्टेशनवर पोहोचवायला मी आणि आई गेलो. एक ट्रंक, एक पिशवी. आईने रस्त्यासाठी पोळीभाजी बांधून दिली होती. गाडी सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा मी न राहवून खिडकीतून विचारलं, "मावशी, वाईट नाही वाटत? इतक्या वर्षांचं काम, असं एकदम सोडून?"

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

"वाईट काहून वाटीन? इतकी वर्षं झाली, माह्या हातचं एकबी चाक रस्त्यात निघालं नाही. अन् थे निघाच्या आधी मले थांबाले भेटलं. कोनाले भेटते बापू असं?"

गाडी हलली. आईने हात जोडले होते, आणि ती जोडलेले हात खाली घेईना.